नव्या हाताला जुनी गाडी नको



आपल्या घरांतून एक रीत पडून गेली आहे. मुलगा किंवा मुलगी अठराची झाली, पक्कं लायसन्स हातात आलं, की वडील स्वतःसाठी नवीन गाडी बुक करतात आणि जुनी पोराला देतात. "शिकेपर्यंत हीच बरी. घासली, ठोकली तरी जीव जळणार नाही." हे वाक्य सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत मी ऐकलंय. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण रीत साफ चुकीची आहे. ती मोडायची तर आपण बायकांनीच मोडायला हवी.

गाडी ठोकली जाण्याची भीती कुणाच्या हातून जास्त? नव्या हाताच्या. मग त्याच हातात आपण घरातली सगळ्यात दुबळी गाडी देतो, आणि तीस वर्षं गाडी चालवलेले वडील सहा एअरबॅगच्या गाडीत बसतात. पत्रा जपायचा आहे की पोर? मी बी.कॉम. झालेली बाई, घरचा जमाखर्च अजून हातानं लिहिते. हा हिशेब मला कुठल्याच खात्यात बसवता येत नाही.

जुनी म्हणजे किती जुनी, हे बघायला मेकॅनिक लागत नाही. आर.सी.वरचं उत्पादनाचं साल वाचा. आपल्याकडे चालकासमोरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटची एअरबॅग सरसकट आली ती २०२२ उजाडताना. ए.बी.एस. ब्रेकची सक्ती एप्रिल २०१९ पासूनची. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये यातलं काहीच नसू शकतं. ए.बी.एस. म्हणजे काय, तर घाबरून ब्रेकवर उभं राहिलं तरी चाकं जाम होत नाहीत, आणि स्टिअरिंग वळवलं की गाडी वळते. घाबरून ब्रेक कोण दाबतं? नवशिका. समोर कुत्रं आलं, सायकलवाला आला, की त्याचा पाय पूर्ण दाबला जातो. आपण पाणी गाळून पितो ते न दिसणाऱ्या जिवासाठी. मग रस्त्यावर डोळ्यांना दिसणाऱ्या जिवासाठी धड ब्रेक नकोत?

म्हणून माझा नियम सोपा आहे. घरात दोन गाड्या असतील तर त्यातली सुरक्षित ती पोराला, जुनी वडिलांना. त्यांचा हात बसलेला आहे. आणि सेकंडहँड घ्यायची असेल तर २०२२ किंवा त्यानंतर बनलेली घ्या.

आता शोरूमचं बोलते. तिथे सगळं पुरुषांशी बोलून होतं. इंजिन, मायलेज, हप्ता. शेवटी आपल्याकडे वळून विचारतात, "काकू, रंग कुठला?" सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतो, गहू घेताना दाणा दाताखाली धरून बघतो, आणि लेकराच्या गाडीला फक्त रंग सांगायचा? यापुढे विचारा, "हिला स्टार किती?" ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन.सी.ए.पी. ही आपल्या देशाची स्वतःची चाचणी सुरू आहे. ६४ किलोमीटरच्या वेगानं गाडी समोरून आदळवतात, बाजूनंही धडक देतात, आणि मोठ्यांसाठी व लहानांसाठी वेगवेगळे स्टार देतात. ही चाचणी कंपन्यांवर सक्तीची नाही. म्हणून ज्या गाडीची झालेलीच नाही, तिच्याबद्दल सेल्समनचं "एकदम मजबूत आहे, काकू" हे प्रमाण मानू नका. बजेट तेवढंच असेल तर सनरूफ सोडा, मोठा स्क्रीन सोडा, एअरबॅग सोडू नका.

याच्या उलट टोकाची घरंही आहेत. पोरगं बारावी झालं म्हणून थेट मोठी, दणकट, जोरकस गाडी. नव्या हाताला जोर नको, नजर हवी. मागचं-पुढचं नीट दिसेल, गल्लीत वळेल, एवढ्या बेताची गाडी पुरे. आणि स्वस्तात मिळते म्हणून जुनी परदेशी गाडी तर मुळीच नको. तिचा एकेक पार्ट महाग, म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते आणि एके रात्री ती हायवेला बंद पडते. जिचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे, ती गाडी आपली. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचायला शिका. २३२१ असेल तर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. नक्षी दिसते छान, पण रबर म्हातारं झालेलं असतं.

विम्याचा कागदही वाचा. त्यातला १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतोय मुलगा, तर तो विमा मुलाला लागू नाही. त्याच्या नावानं वेगळा अपघात विमा घ्या. बहुतेक घरांत हा कागद पिशवीत घडी घालून पडलेला असतो.

कुणी म्हणेल, "चांगली गाडी दिली तर पोरं शेफारतात." शेफारतात ती शिस्त नसल्यामुळे. पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, पहिलं वर्षभर रात्री हायवेला जायचं नाही, फोन मागच्या सीटवर. हे आईनं सांगायचं. मागे बसणाऱ्या आजीलाही पट्टा हवाच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते, आणि पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं.

कुणी म्हणेल, "एवढा पैसा कुठून आणायचा?" मग गाडी दोन वर्षांनी घ्या. तोवर एस.टी. आहे. आपली मुलं एस.टी.नं कॉलेजला गेली म्हणून घराण्याची इज्जत जात नाही.

आणि ज्यांची मुलं अजून सोळा-सतराची आहेत, त्यांनी "गल्लीतल्या गल्लीत" म्हणूनही किल्ली देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

मुलीचंही तेच. मुलाला गाडी आणि मुलीला मोपेड, असं वाटप करताना मोपेडभोवती पत्रासुद्धा नसतो हे लक्षात असू द्या.

तेव्हा या दिवाळीला ज्यांच्या घरी बुकिंग होणार आहे, त्यांनी सही व्हायच्या आधी तीनच प्रश्न विचारा. स्टार किती? एअरबॅग किती? आणि ही गाडी नेमकी कोण चालवणार? तिसऱ्याचं उत्तर "पोरगं" असेल, तर पहिल्या दोन्हींत काटकसर नाही.