मासिकांतील लेखांची साक्ष

यंदा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सार्वजनिक आरोग्य या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. एका हुशार विद्यार्थ्यानें त्यांत लिहिलें कीं, अमेरिकेंतील पहिला न्हाण्याचा टब डिसेंबर १८४२ मध्यें सिनसिनाटी शहरांत बसविण्यांत आला व डॉक्टरांनीं त्यास मोठा विरोध केला. "हें कशावरून?" असें मीं विचारतां तो म्हणाला, "सर, मासिकांत छापलें आहे." मला राग आला नाहीं. त्याच्या वयांत मींही हेंच उत्तर दिलें असतें.

ही हकीकत साफ बनावट आहे. हेन्री मेन्केन या अमेरिकन पत्रकारानें ती २८ डिसेंबर १९१७ रोजीं न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकांत निव्वळ थट्टेनें लिहिली. वाचकांनीं ती खरी मानली. १९२६ सालीं त्यानें स्वतः कबुली दिली, तोंपर्यंत ती वैद्यकविषयक लेखनांत व संदर्भग्रंथांत जाऊन बसली होती. आणि कबुलीनंतरही ती छापली जातच राहिली. दहा मासिकांनीं एकमेकांवरून मजकूर उतरून घेतला म्हणजे दहा साक्षीदार होत नाहींत. साक्षीदार एकच, आणि तोही येथें थट्टेखोर.

मग मासिकांवर विश्वास ठेवूंच नये काय? तसें माझें मत नाहीं. आपल्याकडचेंच उदाहरण घेऊं. अमेरिकन मराठी मिशननें १८४२ सालीं अहमदनगर येथें 'ज्ञानोदय' सुरू केला. त्यांत १८५५ सालीं मुक्ता साळवे हिचा महार-मांगांच्या दुःखाविषयींचा निबंध छापून आला. ही मातंग समाजांतील मुलगी पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकत होती व तिचें वय अवघें चौदा वर्षांचें होतें. त्या काळीं तिच्या लोकांस काय सोसावें लागे, याविषयीं तिच्याहून मोठा साक्षीदार कोण मिळणार? परंतु त्याच निबंधांत बाजीरावाच्या अमदानींतील छळाच्या गोष्टीही आहेत. पेशवाई १८१८ सालीं बुडाली. मुक्तेचा जन्म त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळानें झाला. तो भाग तिनें वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला असणार. ऐकीव म्हणून तो टाकाऊ नव्हे, कारण ज्यांस लिहूं दिलें नाहीं त्यांचा इतिहास आठवणींतच राहणार. तथापि पाहिलेलें कोणतें व ऐकलेलें कोणतें, हें विद्यार्थ्यानें आपल्या निबंधांत वेगळें दाखविलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हां ख्रिस्ती लोकांस जरा अवघड वाटेल, पण ती सांगितलीच पाहिजे. 'ज्ञानोदय' हें मिशनचें पत्र होतें आणि हिंदु समाजांतील दोष उघड करणें हा त्याचा एक हेतु होता. असा निबंध छापतांना त्या हेतूसही मदतच झाली. हेतु असला म्हणून मजकूर खोटा ठरत नाहीं. मात्र तेंच पत्र आपल्या मंडळीचें कौतुक करूं लागलें म्हणजे वाचकानें अधिक सावध असावें, आणि भाऊ महाजनांचा 'प्रभाकर' किंवा पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' यांचे त्या वेळचे अंक मिळाल्यास शेजारीं ठेवून वाचावे.

पालकांस एक विनंति आहे. मुलानें लेखांतून कांहीं उतरविलें कीं लेखकाचें नांव, अंकाचा महिना व वर्ष त्याच्याकडून लिहवून घ्यावें. लेखकास ती माहिती कोठून मिळाली, हें लेखांत सांगितलें आहे काय, तेंही विचारावें. हल्लीं लेखांचीं कात्रणें फोनवरून घरोघर येतात; त्यांवर पुष्कळदां नांव नसतें, तारीख नसते. असलें कात्रण निबंधास आधार म्हणून मी तरी घेणार नाहीं, मग तें कोणी का पाठविलेलें असेना.

त्या विद्यार्थ्यानें निबंध पुन्हां लिहून आणला. टबाची गोष्ट त्यानें गाळली नव्हती. खोटी माहिती कशी पसरते हें सांगण्यासाठीं ती नव्या परिच्छेदांत घातली होती. मेन्केनच्या कबुलीचें वर्षही बरोबर होतें, पण तें कोठून घेतलें हें लिहावयाचें तो विसरला होता. वही मीं परत केली.