पेवातल्या दाण्याचा श्वास

पेवाचे तोंड उघडले की जाणता शेतकरी लगेच आत उतरत नाही. तोंड बराच वेळ मोकळे ठेवतो, मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडतो. ज्योत मंदावली किंवा विझली, तर उतरण्याचा विचार तेथेच थांबतो. ही रीत न पाळल्याने माणसे गुदमरून गेली आहेत. कोसळलेल्याला काढण्यासाठी घाईने उतरलेला दुसराही परत आला नाही, असेही घडले आहे. वास्तविक त्या कोरड्या खड्ड्यात विषारी असे काहीच ठेवलेले नसते. असते ती केवळ ज्वारी. मग आतला प्राणवायू संपवला कोणी?

ज्वारीनेच, आणि तिच्यासोबत आत राहिलेल्या किडीने व बुरशीने. वनस्पतीत जीव आहे ही शिकवण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथेही कणगीतला दाणा श्वास घेतो हे सहसा ध्यानात येत नाही. दाण्यात इवलासा गर्भ निजलेला असतो. त्याच्या पेशी प्राणवायू घेतात, साठवलेले पिष्ट कणाकणाने जाळतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व थोडी ऊब बाहेर टाकतात. दाणा खणखणीत वाळलेला असेल तर हे काम अतिशय संथ चालते. ओलसर राहिला तर त्याला वेग येतो आणि राशीत घातलेल्या हाताला ऊब लागते. लिंपून बंद केलेल्या पेवात प्राणवायू सरत गेला की कीडही मरते. म्हणूनच तर तेथले धान्य टिकते. कार्बन डायऑक्साइड हवेहून जड, तो तळाशी साचतो. कंदील जळत राहिला म्हणजे धोका टळला असेही नाही, कारण ज्योत तग धरते अशा हवेतही हा वायू माणसाला घातक ठरण्याइतका असू शकतो.

माणूस प्राणवायू घेतो आणि झाड तो सोडते, हे शाळेतले वाक्य अर्धेच खरे आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली याने ऑगस्ट १७७१ मध्ये मेणबत्ती विझलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. पुढे १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवून दिले, की हवा सुधारण्याचे हे काम केवळ हिरवे भाग करतात आणि तेही उजेडातच. अंधारात पाने, आणि मुळे तर सदैव, प्राण्यांसारखीच हवा बिघडवतात. पुदिन्याची गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली, इंगेनहाउसची मात्र मागे पडली.

याचे कारण पेशीच्या आत आहे. पानाच्या पेशीतले हरितलवक सूर्यप्रकाश पकडते, पाण्याचे रेणू फोडून प्राणवायू मोकळा करते आणि मिळालेली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत भरते. व्यापाऱ्याच्या भाषेत ही हातातली रोकड. ती जवळजवळ सारी तेथेच, कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडवण्यात खर्च होते. दूर पाठवली जाते ती साखर, म्हणजे जणू हुंडी. रसवाहिन्यांतून ती अंधाऱ्या मुळांपर्यंत पोहोचते आणि तेथील पेशींच्या तंतुकणिकांत वटवली जाते. प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे सुमारे ३० रेणू हाती येतात. नसेल तर अवघे २. पानातही तंतुकणिका असतात आणि त्या रात्रंदिवस काम करतात. झाड दिवसभरात जी साखर बनवते, तिचा मोठा वाटा, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास, त्याच्या स्वतःच्या श्वसनातच जातो. उरते त्यातून खोड वाढते, कणीस भरते.

तीस आणि दोन यांतला हा फरक पावसाळ्यात शेतात उघड दिसतो. तुरीच्या वावरात पाणी तुंबले की मातीतल्या पोकळ्यांतली हवा निघून जाते आणि साखर असूनही मुळांची ऊर्जा आटते. क्षार आत घेण्याचे काम मंदावते, पाणी शोषले जात नाही, आणि पाण्यात उभे असलेले पीक तहानेने मान टाकते. भाताच्या खोडामुळांत हवेसाठी पोकळ वाटा असतात, म्हणून तो चिखलात तग धरतो. तुरीला ती सोय नाही. तिच्यासाठी शेतकऱ्याला भर पावसात फावडे घेऊन चर काढावा लागतो. फार उशीर झाला नसेल, तर पाने सावरतात.