आपला तंबू आणि त्यांचे पाल

मराठी मध्यमवर्गाला अलीकडे तंबूचा शोध लागला आहे. पवना धरणाच्या जलाशयाकाठी किंवा भंडारदऱ्याला शनिवारच्या संध्याकाळी जाऊन पाहावे. रंगीत घुमटांच्या सरळ ओळी, त्यांवर विजेच्या दिव्यांच्या माळा, मध्यभागी ध्वनिवर्धक आणि बाजूला शेगडीवर भाजले जाणारे मांस किंवा पनीर. आत गादी अंथरलेली असते, उशीला अभ्रा असतो, सकाळी पोहे तयार असतात. या सर्वाला 'कॅम्पिंग' असे नाव आहे. ते नाव चुकीचे आहे, हे माझे पहिले म्हणणे. भिंती कापडाच्या केल्याने लॉजचा तंबू होत नाही.

दुसरे म्हणणे असे की, ज्याला तंबूची खरोखर ओढ आहे त्याने कुटुंबापुरता लहानसा तंबू विकत घ्यावा, स्वतः उभारावा, स्वतः उतरवावा आणि वाळवून ठेवावा. तिसरे म्हणणे अधिक अप्रिय आहे. त्याकडे शेवटी येतो.

विकत घेण्याचा आग्रह कशासाठी? काटकसर हे त्याचे एक उत्तर आहे, पण ते गौण. खरे कारण असे की भाड्याच्या तंबूत झोपणाऱ्याला एकही प्रश्न पडत नाही. तंबू कोणत्या उंचवट्यावर आहे, पाऊस आला तर पाणी कोठून वाहील, रात्री वारा कोणत्या दिशेने सुटतो, वर वाळकी फांदी आहे का, हे सारे दुसऱ्या कोणी तरी ठरवलेले असते. स्वतःच्या तंबूचे तसे नसते. चार माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू साधारण सात फूट रुंद आणि आठ फूट लांब असतो. चार माणसे म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपणारी चार माणसे, सामान वेगळे. त्यात आई, वडील आणि दोन मुले राहायची तर कोणी कोठे पाय पसरावे, ओले बूट कोठे काढावेत, विजेरी कोणाच्या उशाशी असावी, हे ठरवावे लागते. मोठ्या घरात एकमेकांची वाट न अडवता जगण्याची सवय झालेल्या कुटुंबाला हा धडा मोलाचा आहे.

कापडही शिकवते. तंबूवर '१५०० मिमी' किंवा '३००० मिमी' असा आकडा छापलेला असतो. कापडावर पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ उभा राहिला तरी पाणी झिरपणार नाही, असा त्याचा अर्थ. तळाच्या कापडाला हा आकडा अधिक लागतो, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की दाब एकाच जागी एकवटतो. पहाटे आतली बाजू ओली लागली की अनेक जण विक्रेत्याला शिव्या घालतात. प्रत्यक्षात ते बहुधा त्यांच्याच श्वासातले बाष्प असते. जाळीच्या खिडक्या 'थंडी लागते' म्हणून बंद केल्या की ते बाहेर जाणार कोठून? आणि कोकणात किंवा मुंबईत ज्याने ओलसर तंबू तसाच पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला, त्याला पुढच्या वर्षी आतला पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सुटू लागलेला आणि आंबूस वास मारणारा आढळेल. निष्काळजीपणाचा हिशेब वस्तू स्वतःच मांडते. भाड्याच्या वस्तूच्या बाबतीत तो हिशेब दुसऱ्याच्या नावे पडतो, म्हणून आपण बेफिकीर राहतो.

यावर दोन बाजूंनी हरकत घेतली जाते. जुने डोंगरभटके म्हणतात की सह्याद्रीत तंबू हे चोचलेच आहेत. गुहा आहेत, देवळे आहेत, गावात कोणाची तरी ओसरी आहे. या म्हणण्यातला कणखरपणा मान्य आहे. पण हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी सुटीच्या दिवशी लोटणारी गर्दी त्या गुहांत मावणारी नाही, आणि कोरीव गुहेत चूल पेटवून तिचे छत काळे करण्यापेक्षा शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक वावरात कापड ताणणे अधिक सभ्यपणाचे आहे. ज्या गडावर रात्रीच्या मुक्कामाला मनाई आहे तेथे तंबूही नको आणि गुहाही नको, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. काठावरच्या तंबूंच्या धंद्यावर स्थानिकांची पोटे चालतात. प्रत्येकाने स्वतःचा तंबू आणला तर त्यांनी काय करावे? पवनेच्या काठी हा प्रश्न हलक्याने घेता येत नाही. या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मरण पावले. तेव्हा त्या काठावर झोपणाऱ्याने काही देणे लागते, यात शंका नाही. पण ते देणे जागेचे भाडे, पाण्याचे पैसे आणि शेतकऱ्याच्या घरच्या पिठले-भाकरीची योग्य किंमत, अशा रूपांत अधिक थेट पोचते. स्वतःचा तंबू आणणाऱ्याला मालकाशी बोलावेच लागते. 'ही जमीन कोणाची?' हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. माझ्या मते तंबूतून मिळणारे सर्वांत मोठे शिक्षण ते हेच.

येथून तिसऱ्या म्हणण्याकडे येतो.

कॅम्पिंग हे पाश्चात्त्य खूळ आहे असे काही जण म्हणतात, तर काही जण ते पाश्चात्त्य आहे म्हणूनच मिरवतात. आधुनिक हौशी कॅम्पिंगचे जनकत्व टॉमस हायरम होल्डिंग या लंडनमधल्या शिंप्याला दिले जाते. १९०१ साली त्याच्या पुढाकाराने सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि १९०८ साली त्याचे 'कॅम्पर्स हँडबुक' प्रसिद्ध झाले. हा इतिहास खरा आहे. पण 'राहुटी' हा शब्द आपल्याला होल्डिंगने दिलेला नाही. आषाढीच्या वारीत दिंड्या आजही मुक्कामागून मुक्काम राहुट्या ठोकतात आणि पहाटे उपटतात. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांचा वाडा असाच शेताशेतांतून हलतो. ऊसतोड कामगारांची कोपी कारखान्याच्या हंगामापुरती उभी राहते. आणि वैदू, घिसाडी, नंदीवाले, डवरी गोसावी यांची पाले तर गावाच्या कडेला आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. कापडाखाली राहण्याची विद्या महाराष्ट्रात ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते हे लोक.

त्यांच्याशी आपण कसे वागलो? १८७१च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का आपल्या डोक्यातून गेला नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, आपण दोन्ही वाचली, त्यांवर परिसंवाद घेतले. त्यानंतर १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. गावोगाव भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. अनोळखी माणूस गावात आला, एवढा संशय पुरेसा ठरला. त्याच महाराष्ट्रात शनिवारी रात्री अनोळखी गावाच्या वेशीवर आपण मोटार उभी करतो, तंबू ठोकतो आणि कोणी हटकले तर आपल्यालाच राग येतो.

ही तुलना अन्यायकारक आहे, ते गरजेपोटी राहतात आणि आम्ही हौसेपोटी, असे म्हटले जाईल. अगदी बरोबर. मग गरजेचा अधिकार हौसेपेक्षा मोठा असायला हवा की लहान? पालवाले घाण करतात, असेही म्हटले जाईल. रविवारी दुपारी जलाशयाचा काठ पाहिलेल्या माणसाने हे वाक्य उच्चारण्यापूर्वी थोडे थांबावे. ज्याला नळावर पाणी भरू दिले जात नाही आणि शौचालयाजवळ फिरकू दिले जात नाही, त्याच्या पालाभोवती घाण साचते, ती त्याची आवड नव्हे. उलट धनगर शेतात मेंढरे बसवतो तेव्हा जमिनीला खत मिळते आणि शेतकरी त्याबद्दल त्याला धान्य किंवा पैसे देतो. मुक्काम हलल्यावर मागे राहिलेली जमीन आधीपेक्षा सकस असते. आपल्यापैकी किती हौशी कुटुंबांना असे सांगता येईल? आपण मागे ठेवतो ते जळालेल्या गवताचे वर्तुळ, फुटक्या बाटल्या आणि तंबूभोवती विनाकारण खणलेला चर.

म्हणून लहान तंबू घ्याच, असे मी म्हणतो. तो घेतल्यावर माणसाला निदान हे कळते की सात बाय आठच्या कापडाखाली रात्र काढणे म्हणजे काय, पहाटे बायको-मुलांसह उघड्यावर जाणे म्हणजे काय, आणि 'येथून उठा' असे कोणी म्हणाले तर छातीत काय होते. आपल्याला हे वर्षातून चार रात्री कळते आणि सोमवारी घराचे कुलूप उघडले की विसरता येते. ही विसरण्याची सोय हाच आपला आणि पालवाल्याचा फरक आहे. कापडाचा दर्जा, आकडे आणि किंमत या किरकोळ गोष्टी.

आपल्या सोसायटीशेजारच्या मोकळ्या जागेवर कधी तरी पाले पडतील आणि ती हटवण्यासाठीचा अर्ज सह्यांकरिता दारोदार फिरेल. ज्याच्या माळ्यावर तंबू आहे त्याने त्या अर्जावर सही करू नये. दुसरा अर्ज लिहावा आणि त्यात त्या पालांसाठी पाण्याचा नळ आणि फिरते शौचालय मागावे. एवढे जमणार नसेल तर तंबू विकून टाकावा आणि लॉजमध्ये राहावे. तेथे गाद्या चांगल्या असतात.