खोक्यावरचा आकडा आणि घरातला झोका

आज थोडं भांडायचं आहे. आधी काय झालं ते सांगतो.

खोक्यावर १५० किलो लिहिलं होतं. माझा भाचा २८ किलोचा. तरी रॉड सुटला, पोरगं मागच्या मागे पडलं, हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ताई मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रिंग्ज मीच आणल्या होत्या. बेडरूमच्या दारात स्क्रूने आवळून बसवायचा पुल-अप बार, त्यावरून दोन पट्टे, खाली लाकडी रिंग्ज. माझं वजन ७४. महिनाभर रोज लोंबकळत होतो, काही झालं नाही. म्हणून "मामा, मी झोका घेऊ?" असं त्याने विचारलं तेव्हा लॅपटॉपमधून मान वर न काढता मी "घे की" म्हणालो.

नंतर मित्रांना सांगितलं तर प्रत्येकाचं एकच : "अरे, जास्त किलोवाला घ्यायचा ना!" माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे. २८ किलोच्या पोराला १५० किलोचा बार पुरला नाही, तर ३०० किलोचा पुरेल हे कुठलं लॉजिक? आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

तो आकडा सांगतो की स्थिर वजन सरळ खाली लटकलं तर काय होईल. झोक्यात ओढ सरळ खाली नसते. ४५ अंशांपर्यंत झोका गेला, तर टोकाला वजनाच्या निम्मी ओढ आडवी लागते, एकदा पुढे, एकदा मागे. माझा बार दाराच्या चौकटीत फक्त घर्षणावर उभा होता. प्रत्येक झोक्याला पट्टे त्याला थोडं थोडं फिरवत होते, आणि फिरणं म्हणजेच स्क्रू ढिला होणं. मी सरळ लटकायचो, म्हणून मला ते कधी दिसलं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको : एक यूजर, एकच टेस्ट केस, आणि थेट प्रॉडक्शन!

आता वजनाचं बघू. अकरावी-बारावीचं फिजिक्स आठवा. लंबक ४५ अंशांतून सोडला तर सगळ्यात खालच्या बिंदूला ताण वजनाच्या साधारण १.६ पट होतो. ६० अंशांतून सोडला तर दुप्पट, ९० अंशांतून तिप्पट. म्हणजे ७० किलोचा माणूस आडवा होईपर्यंत झुलला तर वर २१० किलो, आणि तेही दर झोक्याला नव्याने.

"मग बार कशाला, स्लॅबमध्येच हुक ठोकू." जरूर, पण कशात ठोकताय ते आधी बघा. पीओपीचं फॉल्स सीलिंग म्हणजे स्लॅब नव्हे. नव्या टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असू शकतो, म्हणजे आत ताणलेल्या केबल असतात. तिथे अंदाजाने ड्रिल मारणं हा तुमच्या एकट्याच्या जिवाशी खेळ राहत नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा आणि विचारताना "वरून खेचणारा, हलणारा लोड" असं स्पष्ट सांगा. नुसतं "रिंग्ज लावायच्यात" म्हणू नका, तो पडद्याच्या रिंग्ज समजेल!

आणि समजा हुक पक्का बसला. खोलीचं काय? हात वर केलेला माणूस मुठीपासून पायाच्या बोटांपर्यंत सुमारे दोन मीटर भरतो. पुढे दोन, मागे दोन, म्हणजे झाले चार. १० बाय १२ च्या खोलीची लांब बाजूही ३.६५ मीटर. बाकीचं भिंतीत.

स्पर्धेतल्या रिंग्ज जमिनीपासून २.८० मीटरवर असतात आणि त्यांच्या वर सुमारे तीन मीटरची केबल असते. शरीर झुलतं तशा त्या लांब केबलवर रिंग्ज सहज सरकतात, धक्का मुरतो. फ्लॅटमध्ये वर जेमतेम पाऊण मीटर पट्टा उरतो. तेवढीच रिंग सरकवायला कितीतरी जास्त जोर लागतो, आणि तो धक्का येतो खांद्यावर. शिवाय तिथे खाली २० सेंटिमीटरची गादी असते. आपल्याकडे योगा मॅट.

"लहानपणी आम्ही पारंब्यांना लोंबकळायचो, काय झालं?" तुम्हाला काही झालं नाही म्हणून तुम्ही सांगताय, एवढंच. आणि ज्या महाराष्ट्रात मल्लखांब वाढला तिथे हा युक्तिवाद तरी करू नये. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन बघा. शिक्षक काय करतात ते बघितलं की "काही होत नाही रे" हे वाक्य तोंडातून निघणार नाही.

मग रिंग्ज विकायच्या? अजिबात नाही. लटकणं, रोइंग, सपोर्ट होल्ड, डिप्स हे सगळं घरी मजेत करा. फक्त बार घर्षणावर टेकलेला नको, बोल्टने बसवलेला हवा. दोन रिंग्ज, दोन स्वतंत्र आधार, मध्ये साधारण ५० सेंटिमीटर अंतर. पट्टा धारदार कडेवरून जाऊ देऊ नका. बकल पट्ट्यावर नुसतं दाबून धरतं, म्हणून उरलेल्या टोकाला गाठ मारा. वापरण्याआधी दरवेळी शिवण बघा. हात घामेजले असतील तर थांबा. खाली उतरताना आधी पूर्ण थांबा, मग पाय टेका. आणि झोका घ्यायचाच असेल तर जिथे उंची, गादी आणि शिकवणारा आहे तिथे जा. महिन्याची फी प्लास्टरपेक्षा स्वस्त पडते.

माझ्या दारातला बार निघाला. चौकटीवर रबराचे दोन काळे डाग राहिलेत, ते मुद्दाम पुसले नाहीत. भाचा परवा आला होता. डागांकडे बघून म्हणाला, "मामा, तेव्हा मी चुकलो का रे?"

नाही रे बाबा. तू विचारलं होतंस. मी मान वर केली नाही.