'बिलेत फेरत' आणि आपले दुबई रिटर्न

1921 साली कलकत्त्यात 'बिलेत फेरत' नावाचा एक मूकपट आला. बिलेत फेरत म्हणजे विलायतेहून परतलेला. बरीच वर्षे परदेशात काढून एक तरुण घरी येतो आणि प्रेम, लग्न याबद्दलच्या आपल्या नव्या कल्पनांनी साऱ्या घराला गोंधळात टाकतो, अशी ही विनोदी गोष्ट. नायकाचे काम धीरेंद्रनाथ गांगुली यांनी केले. राज्य इंग्रजांचे होते, विलायतेचा शिक्का म्हणजे मोठेपणा होता, आणि अशा काळात आपल्याच शिकलेल्या वर्गाची त्यांनी पडद्यावर टिंगल केली. पुढे याच गांगुलींना 1975 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

फाळके म्हटले की नाशिक आलेच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके 1912 साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. तेही एका अर्थाने 'बिलेत फेरत'च. नाशकात त्यांनी सिनेमे काढले आणि 1944 साली नाशकातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या या जिल्ह्यात बसून एक प्रश्न विचारावासा वाटतो. विलायतेहून परतलेल्या बाबूवर शंभर वर्षांपूर्वी सिनेमा निघाला, मग आखातातून परतलेल्या आपल्या माणसावर मराठीत एकही धड विनोदी सिनेमा का नाही?

1973 नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामे सुरू झाली आणि कोकणातल्या, खान्देशातल्या, आपल्या नाशिक-मालेगावच्या मोहल्ल्यांतली पोरे तिकडे गेली. अमेरिकेला गेलेल्याला तिथला नागरिक होता येते. आखातात गेलेल्या मजुराला, ड्रायव्हरला, फिटरला ते जवळजवळ अशक्य. कफीलने व्हिसा दिला तोवर राहायचे, काम संपले की निघायचे. म्हणजे परत येणे त्याच्या नशिबी लिहिलेलेच असते. ज्या समाजात इतकी माणसे परत येतात, त्या समाजाकडे परतण्याची गोष्ट असायलाच हवी.

आणि या गोष्टीत विनोद ठासून भरलेला आहे. दोरीने करकचून बांधलेले खोके घेऊन टॅक्सी कसारा घाट चढते, तेव्हापासूनच तो सुरू होतो. तिकडे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे दूधबाजारात रस्ता ओलांडताना हा भलत्याच बाजूला बघतो. रिक्षात बसला की सीटबेल्ट शोधतो. बोलता बोलता 'यल्ला' आणि 'खलास' म्हणतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सेंट्रिंगचे काम केलेला हा माणूस नाशिकची हवा बिघडली म्हणून कुरकुरतो. अत्तराची बाटली आपल्याला मिळाली नाही म्हणून दोन चुलत्यांमध्ये अबोला सुरू होतो.

पण निव्वळ त्याची फजिती दाखवली तर सिनेमा अर्धाच होईल. माणूस बदलून आलेला असतो, तसे घरही बदललेले असते. दोन-दोन वर्षांनी महिनाभर येणाऱ्या नवऱ्याच्या मागे बायकोने बँकेचे व्यवहार सांभाळले, शाळेत पालकसभांना हजेरी लावली, बचत गट चालवला, सासऱ्यांना दवाखान्यात नेले. हा कायमचा परत येतो आणि तिसऱ्या दिवशी तिच्याकडे घरखर्चाचा हिशेब मागतो. पोरगा अब्बांना फोनवर ओळखतो, समोर आल्यावर अम्मीच्या मागे लपतो. अशा घरात धक्का नेमका कोणाला बसतो? मला तर वाटते, आधी त्या बाईला.

दुसरी गोष्ट दीनची. तिकडून आलेला तरुण 'रमजान'ला 'रमदान' म्हणू लागतो. दादीला सांगतो, बडी दर्ग्याला चादर चढवणे बंद कर. दादी शांतपणे विचारते, "बेटा, तुझ्या व्हिसाची मन्नत मी कुठे मागितली होती?" कोण बरोबर, हा वाद उलेमांनी घालावा. पण हा संवाद कितीतरी घरांत या ना त्या रूपाने होतो, आणि बहुतेक वेळा त्याचा शेवट भांडणात होतो. तोच पडद्यावर आला तर दादी आणि नातू शेजारी शेजारी बसून हसतील. जुम्म्याच्या बयानातून किंवा फेसबुकवरच्या हमरीतुमरीतून असे होत नाही.

तिसरा धक्का सगळ्यात कडू. अरबीत भारतीय माणसाला 'हिंदी' म्हणतात. कॅम्पातल्या खोलीत मल्याळी, बिहारी, तेलुगू अशा सोबत्यांबरोबर राहिलेला आपला माणूस अरब मालकासाठी फक्त 'हिंदी' होता. तो साठवलेले पैसे घेऊन येतो आणि जुन्या नाशिकच्या बाहेर फ्लॅट बघायला निघतो. फोनवर फ्लॅट रिकामा असतो. नाव सांगितले की तो 'आत्ताच गेलेला' असतो. परदेशात जो हिंदी होता, तो आपल्याच शहरात पोहोचल्यावर आधी मुसलमान ठरतो. या प्रसंगावर हसू येईल, पण ते घशात अडकेल. असे हसू हिंदू प्रेक्षकांच्याही वाट्याला यायला हवे.

इतरांनी हे केले आहे. 1989 साली मल्याळममध्ये सत्यन अंतिकाड यांचा 'वरवेल्पु' आला. मोहनलाल आखातातून परततो, गावात एक बस विकत घेतो आणि नातेवाईक, युनियन, सरकारी खाती मिळून त्याला पुरते जेरीस आणतात. शेवटी तो पुन्हा आखाताची वाट धरतो. केरळने स्वतःलाच हसून घेतले, आणि त्या हसण्यातून परतलेल्यांच्या पैशाचे काय होते याची चर्चाही झाली. हैदराबादेत 'द अंग्रेज' आला. अमेरिकेतून आलेले दोघे आणि जुन्या शहरातले इस्माईलभाई यांची ही टक्कर. त्यात साहेबी थाटाचीही खिल्ली आहे आणि गल्लीतल्या फुशारकीचीही. दखनी बोलणाऱ्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला, कारण ती बोली त्यांची स्वतःची होती.

परतलेल्या मुसलमानाची गोष्ट मराठीला अगदीच अनोळखी आहे असेही नाही. हमीद दलवाईंच्या 'इंधन' कादंबरीचा निवेदक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी येतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत गावातले ताण पेट घेतात. ती गंभीर कादंबरी आहे आणि तशी असणे रास्तही आहे. पण एका समाजाचे काम फक्त गंभीर पुस्तकांवर भागत नाही.

काही मित्र म्हणतात, "आपल्यावर हसणारे आधीच काय कमी आहेत? त्यात आपण भर कशाला घालायची?" ही भीती मला समजते. हिंदी सिनेमाने आखाताशी जोडलेला मुसलमान बहुतेकदा तस्कर किंवा दहशतवादी म्हणून दाखवला. पण म्हणूनच घरातून आलेला विनोद हवा. बाहेरचा हसतो तेव्हा त्याला फक्त टोपी आणि दाढी दिसते. घरचा हसतो तेव्हा तो चुलत्याचा रुसवा, दादीची मन्नत आणि हिशेब मागणारा नवरा दाखवतो. हे सगळे पाटील-कुलकर्ण्यांच्या घरातही आहे. ज्याच्या घरातल्या भांडणावर आपण हसलो, त्याचा संशय घेणे थोडे जड जाते.

सिनेमा काढायचा तर कारागीर कुठून आणायचे, हा प्रश्न निदान नाशिक जिल्ह्याला पडू नये. इथून सुमारे शंभर किलोमीटरवर मालेगाव आहे. तिथे नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. डाकूंना घोडे परवडले नाहीत, तेव्हा ते सायकलींवर आले. पुढे यंत्रमागावर काम करणारा शफीक सुपरमॅन झाला. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाने ही मंडळी जगापुढे आली आणि 2025 साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरांत लागला. हे सगळे कौतुकाचेच आहे. पण मालेगावची ओळख दुसऱ्यांच्या सिनेमांची नक्कल एवढीच का राहावी? ज्यांनी 'शोले' आपल्या बोलीत आणला, त्यांच्या गल्लीत सौदीहून परतलेला इलेक्ट्रिशियन राहतोच की. त्याची गोष्ट कुठून उसनी आणावी लागणार नाही.

आता मोबाईलवर चित्रीकरण होते आणि सिनेमा दाखवायला यूट्यूब आहे. अडले आहे ते लिहिण्यावर. आपल्यात शायर पुष्कळ आहेत, पटकथा लिहिणारे फार थोडे. नाशिकच्या मुशायऱ्यांना आणि साहित्य संमेलनांना जाणाऱ्या तरुणांनी या रमजान ईदला सुट्टीवर आलेल्या मामांना, चाचांना समोर बसवून पहिल्या आठवड्यात काय काय झाले ते विचारावे. मामीला मात्र वेगळे विचारावे, कारण तिची गोष्ट निराळी निघेल. दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या की पटकथेचा पहिला खर्डा तयार होईल. त्यात मराठी, उर्दू, खान्देशी, जी भाषा घरात बोलली जाते तीच ठेवावी.