गुलाबी थंडीचे पुराण पुरे!

दिवाळी अंक उघडावा आणि पहिल्या चार पानांत 'गुलाबी थंडी' भेटू नये, असे सहसा घडत नाही. कथेची नायिका शाल सावरते, कवी धुक्यात हरवतो, ललितलेखक शेकोटीशी हात शेकीत बालपणात शिरतो. या मंडळींशी आमचे वैर नाही. पण ही थंडी त्यांना कोणत्या साली भेटली, एवढे त्यांनी एकदा सांगून टाकावे! २०२४ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली, आणि तो ऑक्टोबर १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. अभ्यंगस्नानाचे पाणी तापवायचे ते आता केवळ रीत म्हणून.

बरे, ऑक्टोबर जन्माचाच तापट. त्याला सोडून देऊ. गाऱ्हाणे आहे ते फेब्रुवारीचे. हवामान खात्याच्या लेखी हिवाळा म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोनच महिने. (डिसेंबर त्यांच्या हिवाळ्यात बसत नाही, मार्गशीर्षात स्वेटर विणणाऱ्या भगिनींनी नोंद घ्यावी.) २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश सेल्सिअस झाले. १९०१ पासून तसा तापलेला फेब्रुवारी नव्हता. दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, दिवसरात्रीची मिळून सरासरी २२.०४ अंशांवर गेली, म्हणजे नेहमीपेक्षा १.३४ अंश अधिक, आणि तोही उच्चांक ठरला. सव्वाशे वर्षांची वही, आणि पहिला क्रमांक दोन वर्षांत दोनदा खोडून लिहावा लागला.

यावर यवतमाळात बसून कोणी म्हणेल, "अहो, मे महिन्यात आम्ही पंचेचाळीस अंश अंगावर काढतो, दीड अंशाचे कौतुक आम्हांला काय सांगता?" हा युक्तिवाद शूराचा आहे, पण शेतकऱ्याचा नव्हे. मे महिन्यात वऱ्हाडचे रान नांगरून उघडे पडलेले असते. तिथे ऊन पडले तर ढेकळे तापतील. फेब्रुवारीत त्याच काळ्या रानात हरभऱ्याचे घाटे भरत असतात, गव्हाच्या ओंबीत चीक धरत असतो. माणूस उकाड्यात पंखा लावतो; ओंबीने काय लावावे? उष्णता वाढली की पीक घाई करते. दाणा भरण्याचे दिवस कमी होतात आणि बारीक, सुरकुतलेला दाणा पदरात पडतो. रात्र गार असली तर दिवसा कमावलेले अन्न झाड राखून ठेवते. रात्र उबदार असली तर तेच अन्न ते श्वासावाटे खर्चून टाकते. दिवसा कमवावे आणि रात्री उधळावे, अशा संसाराची शिल्लक किती राहणार, हे गृहिणींना सांगायला नको.

जुन्या बायका भल्या पहाटे हरभऱ्यावर धुवट पंचा पसरीत आणि दवाबरोबर उतरलेली आंब पिळून बाटलीत भरून ठेवीत. पोटदुखीला ती घरचे औषध. दव पडायला रात्र गार लागते. पुस्तकी थंडी नाहीशी झाली तर कवीचे एक विशेषण जाईल. रानातली थंडी गेली तर घरातली बाटली रिकामी राहील आणि कणगीही. "हरभऱ्याले थंडी पायजे, बावा," हे वाक्य बांधावर कोणीही ऐकवील. त्यासाठी कोणत्याही वेधशाळेचा दाखला लागत नाही.

आणि आपल्याकडे सारे लक्ष कमाल आकड्यावर! नागपूरच्या केंद्राचा तक्ता आला की अकोला पुढे की चंद्रपूर, यवतमाळ कितव्या स्थानी, अशी शर्यत वृत्तपत्रांत लागते. किमान तापमानाचा आकडा शेजारीच छापलेला असतो. त्याची बातमी होते ती तो फार खाली गेला तरच. वर गेला तर कोणाला दुःख नाही. "यंदा थंडीचा त्रास नाही," म्हणून आपण खूष!

नियमही तसेच. मैदानी प्रदेशात पारा ४० अंशांना टेकल्याशिवाय उष्णतेची लाट मानली जात नाही. किनाऱ्याला ३७ अंश पुरतात. म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत कोकण-गोव्याला इशारा मिळाला. यवतमाळ साडेचारशे मीटर उंचीवरचे. तिथे हिवाळ्यात चाळिशी कशी गाठावी? पारा पस्तीस-छत्तिसाशी पोहोचून हरभरा वाळवून गेला तरी कागदोपत्री लाट आलेलीच नसते. लाट माणसाच्या अंगावरून मोजली, पिकाच्या अंगावरून मोजलीच नाही. त्यात 'सरासरी' म्हणून जे काही असते तेही जागेवर थांबत नाही. पूर्वी १९८१ ते २०१० या वर्षांशी तुलना होई, आता १९९१ ते २०२० शी होते. शास्त्राच्या दृष्टीने ते रीतसर आहे, मान्य. पण तापलेली वर्षेच सरासरीत शिरली की उद्याचा ताप आजच्यापेक्षा कमी भासणार. वजनकाटाच लठ्ठ होत चालल्यावर लठ्ठपणा दिसावा कसा?

विम्याचे पाहा. संत्र्याला आणि आंब्याला हवामानावर आधारलेला विमा आहे. तिथे तापमानाची नोंद पुरावा ठरते. गव्हा-हरभऱ्याची भरपाई पीककापणीच्या उत्पन्नावर. म्हणजे झाडावर फळ असेल तर पारा साक्षीदार, जमिनीवर रोप असेल तर पारा मुका! राज्यात महसूल मंडळागणिक 'महावेध'ची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी आहेत; यंत्रे आहेत, आकडे आहेत. मग रब्बीच्या पिकांसाठी वेगळी तापमर्यादा ठरवायला अडचण कसली? दारव्ह्याच्या, वणीच्या, पुसदच्या गावांत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी दोन आकडे लिहावेत: रात्रीचे किमान तापमान, आणि त्या तारखेला ते एरवी किती असते ते. खडूचा खर्च फारसा नाही.