गावी निघताना गोळ्यांची पट्टी आधी बॅगेत टाका

गणपती तोंडावर आले आहेत. मुंबई-ठाण्याहून, पुण्याहून कोकणात जाणाऱ्या गाड्या भरतील, महामार्गावर रांगा लागतील, आणि त्या गर्दीत डिप्रेशनच्या गोळ्या घेणारी कितीतरी माणसं असतील. त्यांना आणि त्यांच्याबरोबर निघालेल्या घरच्यांना ही कळकळीची विनंती आहे: चालू असलेली गोळी परस्पर तोडू नका. संपली म्हणून नको, बरं वाटतंय म्हणून नको, आणि गावात कुणीतरी सांगितलं म्हणून तर मुळीच नको.

हे घडतं कसं, ते बघा. निघायच्या गडबडीत पट्टीत चारच गोळ्या उरल्याचं लक्षात येत नाही. गावच्या मेडिकलमध्ये ती कंपनी मिळत नाही. मग ‘पाच दिवसांचा तर प्रश्न आहे’ असं म्हणून माणूस गप्प बसतो. दुसरा प्रकार याहून वाईट. गोळ्या बॅगेत असतात, पण वीस माणसांच्या घरात त्या बाहेर काढायच्या कशा? काकू विचारणार, ‘कसली रे गोळी?’ बीपीची म्हणून सांगायचं, तर वय तिशीचं. शेवटी पट्टी बॅगेच्या तळाशीच राहते. हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला कित्येक बायका सगळीच औषधं बाजूला ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या घाईत ती बाजूलाच राहून जातात.

साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी त्रास सुरू होतो. गरगरतं, मळमळतं, डोळे इकडून तिकडे वळवले की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका बसतो. रात्री विचित्र, भडक स्वप्नं पडतात. कारण नसताना चिडचिड होते, रडू येतं. घरचे म्हणतात, भर सणात याला झालं काय? आणि तो स्वतः दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: आजार परत आला, किंवा गोळीची सवय लागली. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. तो औषध एकदम थांबल्याचा परिणाम असतो, आणि गोळी पुन्हा सुरू झाली की बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. आजार परतायला सहसा आठवडे लागतात.

दारूची किंवा तंबाखूची तलफ येते तशी या गोळीची येत नाही, तिच्यासाठी कुणी तडफडत नाही, दिवसागणिक जास्त लागत नाही. मात्र मेंदूला तिच्या असण्याची सवय झालेली असते, आणि ती एका फटक्यात काढून घेतली तर तो कुरकुरतो. ‘या गोळ्यांनी काहीच होत नाही, केव्हाही बंद करा’ असं सांगणाराही तितकाच चूक. २०२४ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त ७९ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. गोळी थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना त्रास झाला. खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्क्यांना झाला. म्हणजे धास्तीचाही वाटा आहे, पण सगळं मनाचे खेळ नाहीत. पॅरॉक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन अंगातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांचा त्रास जास्त. व्हेनलाफॅक्सीनची एक गोळी चुकली तरी काहींना संध्याकाळपर्यंत कळतं. फ्लुऑक्सेटीन अंगात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून त्याचा सर्वांत कमी.

आता आज, आत्ता, एक काम करा. तुमची पट्टी उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. कंपनीने ठेवलेलं ठळक नाव सोडा. त्याखालचं औषधाचं नाव हवं. तिथे एस्सिटॅलोप्रामच्या जोडीला क्लोनाझेपाम लिहिलेलं आहे का? आपल्याकडे या दोन औषधांची एकत्र गोळी सर्रास लिहिली जाते, आणि नावापुढे बऱ्याचदा फक्त ‘प्लस’ असतं. घेणाऱ्याला वाटतं, आपण एकच औषध घेतोय. क्लोनाझेपाम हे डिप्रेशनचं औषध नव्हे. ते घबराट शमवणारं, झोप आणणारं औषध आहे, आणि त्याची सवय मात्र खरोखर लागते. ते सहा महिने रोज घेऊन अचानक थांबवलं, तर झोप पूर्ण उडू शकते, हातपाय कापतात, काहींना फीट येते. ऐन आरतीच्या वेळी आलेल्या फिटेला गावात अंगात आल्याचं समजलं जाण्याची भीती आहे, हे वेगळं सांगायला नको. म्हणून ‘प्लस’वाल्यांनी दुप्पट सावध राहावं. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारावं: ही दुसरी गोळी मला अजून किती दिवस? माझ्या मते हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक पेशंटने बजावलाच पाहिजे. जोडगोळी पहिल्या काही आठवड्यांपुरती ठीक; वर्षानुवर्षं ती चालू राहते ती बहुतेकदा कुणी विचारत नाही म्हणून.

गोळी कधी बंदच करायची नाही, असं माझं म्हणणं नाही. पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल, तर पूर्ण बरं वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोन वर्षं किंवा जास्त. त्यानंतर थांबवता येतं का, हे बघण्यासारखं असतं. इंग्लंडमध्ये असाच एक अभ्यास झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. बरीच वर्षं गोळी घेणाऱ्या आणि आता बरं वाटणाऱ्या लोकांपैकी काहींची गोळी हळूहळू बंद केली, काहींची चालू ठेवली. वर्षभरात गोळी बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. बंद केलं की धोका वाढतो, हे खरं. बंद करूनही बरेच जण नीट राहिले, हेही खरं. निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा आहे. भाद्रपदातल्या गर्दीत, बॅगेच्या तळाशी तो परस्पर लागता कामा नये.

आणि बंद करायची पद्धत असते. डोस काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, पायरी-पायरीने उतरवतात, आणि शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्या लागतात. कारण या औषधांचा बराचसा परिणाम थोड्याशा मात्रेतच होऊन जातो. वीसवरून दहा मिलिग्रॅम करणं बहुतेकांना जमून जातं, पाचवरून शून्य करताना घसरायला होतं. एक दिवसाआड गोळी घेऊन सोडण्याची युक्ती आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. लवकर उतरणाऱ्या औषधांच्या बाबतीत ती वाईटच: मेंदूला एक दिवस औषध, एक दिवस उपास. ज्या गोळीवर एक्सआर किंवा एसआर असं लिहिलंय, ती तोडू नका, चावू नका. औषध सावकाश सुटावं अशीच तिची घडण असते.

लोक गोळी सोडतात त्याचं एक कारण कुणी तोंडावर आणत नाही, म्हणून इथे लिहितो. या गटातल्या बऱ्याच औषधांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, पुरुषांत वीर्यपतनाला फार उशीर लागतो, स्त्रियांना सुख कमी वाटतं. नवं लग्न झालेला मुलगा हे डॉक्टरांना सांगत नाही, बायकोला तर नाहीच. गुपचूप गोळी सोडतो. अहो, यावर इलाज आहे. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. मिर्टाझापीन किंवा ब्युप्रोपियॉनसारख्या औषधांत हा त्रास बराच कमी असतो. समोर बसून बोलायला जीभ रेटत नसेल, तर कागदावर दोन ओळी लिहून टेबलावर सरकवा. डॉक्टरांना यात काही नवीन नसतं.

ज्यांची गोळी नुकतीच सुरू झाली आहे, त्यांच्या घरच्यांनी जास्त लक्ष द्यावं. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, अस्वस्थपणा येऊ शकतो. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा-आठ. म्हणजे त्रास आधी आणि फायदा मागून. माणूस हात टेकतो तो इथेच. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये या सुरुवातीच्या दिवसांत, आणि डोस बदलताना, जीव देण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी हा इशारा या औषधांच्या वेष्टनावर ठळक चौकटीत छापायला लावला, आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंत वाढवला. त्याचा अर्थ गोळी देऊ नका असा नव्हे. एकटं सोडू नका, असा आहे. येरझाऱ्या, झोप उडणं, निरवानिरवीची भाषा दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि उलटं चित्र दिसलं तरीही फोन: दोन तास झोपून टवटवीत, अखंड बडबड, लाखालाखांच्या योजना, उधळपट्टी. ‘गोळी भारीच लागू पडली’ म्हणून आनंद करू नका. ते बायपोलर आजाराचं लक्षण असू शकतं, आणि तिथे नुसती डिप्रेशनची गोळी आगीत तेल ओतते.

आता इतर औषधांचं. आठ-दहा तास गाडीत बसून पाठ धरते, मग गावातून वेदनाशामक आणलं जातं. त्यात ट्रॅमाडॉल असेल, तर डिप्रेशनच्या गोळीबरोबर ते धोक्याचं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषधही तसंच. क्षयरोगाच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर लिनेझोलिड देतात. तेही या यादीत आहे, म्हणून टीबीच्या उपचार केंद्रात डिप्रेशनची गोळी लपवू नका. अशी दोन औषधं एकत्र आली तर सेरोटोनिनचा अतिरेक होतो: घाम, ताप, जुलाब, हातपाय कापणं, स्नायू उडणं किंवा ताठरणं, बरळणं. असं दिसलं तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिनबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी शी हे त्याचं चिन्ह. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांना पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुऑक्सेटीन सहसा देत नाहीत, कारण टॅमॉक्सिफेनचा उपयोग कमी होऊ शकतो. दारूबद्दल वेगळं काय सांगायचं? गटारी होऊन गेली, पण विसर्जनाची रात्र बाकी आहे. क्लोनाझेपाम आणि दारू एकत्र घेतली तर श्वास मंदावू शकतो.

एक गंमत अशी की, आपण डिप्रेशनचं औषध घेतो हेच कित्येकांना ठाऊक नसतं. अर्धशिशीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन देतात, मधुमेहाने पाय जळजळतात त्यासाठी ड्युलोक्सेटीन. वरचं सगळं त्यांनाही लागू. अ‍ॅमिट्रिप्टिलीन तर लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. थोड्या गोळ्यांनीही मुलाचं हृदय बिघडू शकतं. देवघराच्या फळीवर, फ्रिजवर पट्टी ठेवू नका. घर पाहुण्यांनी आणि पोरांनी भरलेलं असतं, कुलूप लावा. ज्या घरात कुणी जीव देण्याचं बोललंय, तिथे गोळ्या घरच्या एकाच माणसाने सांभाळाव्यात आणि थोड्या थोड्याच आणाव्यात.

गरोदर राहिल्याचं कळताच गोळी स्वतःहून फेकू नका. डॉक्टरांना विचारा, योग्य औषध निवडता येतं. सत्तरीतल्या आजोबांना गोळी सुरू झाल्यावर भ्रम व्हायला लागला किंवा तोल जायला लागला, तर वयाला दोष देण्याआधी रक्तातलं सोडियम तपासा. लघवीची गोळी चालू असेल तर विशेष.

निघताना मुक्कामाचे दिवस मोजा आणि वर आठवड्याच्या जादा गोळ्या घ्या. अर्ध्या हातातल्या पर्समध्ये, अर्ध्या बॅगेत. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. एखादी चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या; दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची एकच, भरपाई म्हणून दोन नाहीत. आठवड्याचा खंड पडला असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. वहिनींचीही ‘डिप्रेशनचीच’ आहे म्हणून त्यांची उसनी घेऊ नका. उपवासाला निर्जळी व्रत असेल, तरी गोळीपुरता पाण्याचा घोट घ्या. गणरायाच्या आईला त्याचं वाईट वाटणार नाही.

गावातल्या काका-मामांना हात जोडून सांगणं आहे: ‘सोड त्या गोळ्या, इथली हवा खा, बरा होशील’ असं प्रेमाने म्हणू नका. हवा खाऊ द्या, मोदक खाऊ द्या, गोळीही खाऊ द्या. आणि मेडिकलवाल्यांना: ही चिठ्ठीवरच द्यायची औषधं आहेत, ती चिठ्ठीशिवाय देऊ नका, पण मुंबईची चिठ्ठी घेऊन आलेल्याला ‘ती कंपनी नाही’ म्हणून परत पाठवू नका. डॉक्टरांना फोन लावून द्या, तेच औषध तेवढ्याच मिलिग्रॅमचं दुसऱ्या कंपनीचं चालेल का ते विचारा. जनऔषधी केंद्रातही बघायला सांगा.

डॉक्टरांचा फोन लागत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आजच मोबाईलमध्ये भरा, आणि गोळी घेणाऱ्याच्या घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्येही.